दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो

थंडीत फोटोताई मशीनचं टेबल आधी स्वतःच्या तळहातांनी चोळायची. पेशंटला गार लागू नये म्हणून.

दार टाचेने लावायची. हातात कायम काहीतरी असायचं.

‘काही होत नाही’ असं कुणाला म्हणायची नाही. ‘दुखेल, पण थोडंच,’ म्हणायची.

चहा टेबलावर ठेवून विसरायची आणि मग गार झाला म्हणून चहावरच चिडायची.

फोनवर कुणी पाल्हाळ लावलं की सवयीने म्हणायची, “आता श्वास सोडा.” मग स्वतःच हसायची.

बाईपेशंटला नाव विचारलं आणि उत्तर नवऱ्याने दिलं, तर तोच प्रश्न पुन्हा बाईलाच विचारायची. पुन्हा नवराच बोलला, तर तिसऱ्यांदा विचारायची. नवऱ्याकडे मात्र बघायची नाही.

खिडकीवाल्याने हे सगळं सहा वर्षं समोर बसून पाहिलं होतं. दवाखाना मोठा. एक्स-रेला तिथे सगळे फोटोच म्हणत, म्हणून ती फोटोताई. तिच्या दारासमोर बोळ, बोळाच्या पलीकडे याची खिडकी. तो वहीत नावं लिहायचा. फोटो तयार झाला की पाकिटात घालून हाक मारायचा आणि जो हात पुढे येईल त्यात पाकीट द्यायचा. वय तिशीच्या आसपास, पण ताईने त्याला कधी नावाने हाक मारली नाही. “अरे खिडकी!” एवढंच.

ताईच्या दारावर पाटी होती : आत फक्त पेशंट. मशीनच्या किरणांमुळे हा नियम होता. बाकी दवाखान्यात बायकोबरोबर नवरा सगळीकडे असायचा. डॉक्टरांच्या खोलीत तोच बोलायचा, औषधांच्या रांगेत तोच उभा, प्लास्टर करताना तोच शेजारी. एका या दाराशी त्याला थांबावं लागे. बाकावर बसावं लागे. दार लागलं की आत तीन मिनिटं फक्त दोन बायका.

हे खिडकीवाल्याच्या लक्षात यायला चार वर्षं लागली. ताईच्या लक्षात पहिल्याच वर्षी आलं होतं.

फोटो काढण्याआधी प्रत्येक बाईला ‘दिवस गेलेत का’ हे विचारावंच लागतं. तो कामाचा भाग. त्या प्रश्नाच्या शेपटीला ताईने स्वतःचा एक प्रश्न बांधला होता. बाईचा हात प्लेटवर नीट ठेवता ठेवता, तोंडाकडे न बघता ती विचारायची, “घरी कुणाला भिऊन राहावं लागतं का?”

बहुतेक जणी नाही म्हणत. “बरं. हलू नका,” म्हणून ताई कामाला लागे. कुणी हो म्हणे. मग ताई तिला अशा बायकांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा नंबर सांगे आणि तीनदा म्हणून घेई. कागदावर कधी लिहून दिला नाही. “कागद घरी सापडतो,” ती म्हणायची. “पाठ केलेलं कुणी खिशातून काढून घेत नाही.”

खिडकीवाल्याला पहिल्यांदा हे पटलं नव्हतं.

“ताई, माणसं खरंच पडतात हो. माझी आई दोनदा पडली बाथरूममध्ये.”

“हाताचं कुठलं हाड मोडलं?”

“मनगट.”

“बरोबर. पडताना माणूस तळहात टेकतो. मनगट जातं.” तिने त्याला आत बोलावलं. उजेडाच्या काचेवर दोन फोटो लावले. एकात मनगटाशी चिरा. दुसऱ्यात कोपर ते मनगट, करंगळीच्या बाजूचं हाड बरोबर मधोमध मोडलेलं. मग तिने स्वतःचा हात कपाळासमोर आडवा धरला. “आता मार.”

“काय?”

“अरे, खोटंखोटं मार. काठीने.”

त्याने हवेत हात उगारला. हात कुठे बसला असता ते त्याला दिसलं. करंगळीच्या बाजूला. मधोमध.

“नेहमीच असं नसतं,” ताई म्हणाली. “पण विचारायला काय जातं?”

काजवाली तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचं ते हाड तसं मोडलेलं होतं.

ती कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची, म्हणून ती काजवाली. पहिल्यांदा बोट मोडून आली. मशीनमध्ये अडकलं म्हणाली. दुसऱ्यांदा बरगड्या. जिन्यावरून पडली. दोन्ही वेळा ताईने विचारलं आणि दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. बाहेर तिचा नवरा बाकावर बसलेला असे. हसतमुख माणूस. म्हातारी माणसं आली की उठून जागा द्यायचा. कुणाला पाणी हवं असलं तर आणून द्यायचा. खिडकीशी उभा राहून आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलायचा.

खिडकीवाल्याला तो आवडायचा. हे नंतर त्याला फार टोचलं.

त्या दिवशी आत काय झालं ते ताईने त्याला पुढे सांगितलं. तिने हात प्लेटवर ठेवला. प्रश्न विचारला. काजवालीने मशीनकडे बघितलं. मग म्हणाली, “या मशीनमध्ये दिसतं का हो, कुणी मारलं ते?”

“मशीनला नाही दिसत. मला दिसतं.”

“मग मी नाही म्हणून काय उपयोग?”

असं म्हणून ती रडली नाही. उलट पटपट बोलायला लागली. दार उघडायच्या आत सगळं उरकायला हवं, तशी. स्वतःचा पगार नवऱ्याकडे मागितला म्हणून हे झालं. एरवी भाजीत पाणी जास्त झालं म्हणून, फोन उशिरा उचलला म्हणून. सासू म्हणते, तोंड बंद ठेव, हात आपोआप थांबेल. आई म्हणते, मुलगी मोठी होईपर्यंत सोस.

“आत्ता निघतेस? मागच्या दाराने काढते. संस्थेतल्या बाई अर्ध्या तासात येतील.”

“पोरगी शाळेत आहे. तिला टाकून नाही.”

मग दोघींनी ठरवलं. मोडलेल्या हाताचा दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढतात, हाड सरकलं नाही ना ते बघायला. नवरा त्याला नाही म्हणू शकत नाही, डॉक्टरच लिहून देतात. मंगळवारी. त्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून काजवालीने मुलीला बरोबर आणायचं. संस्थेतल्या बाई बाकावर कुणाच्या तरी नातेवाईक म्हणून बसतील. ताई मुलीलाही फोटोच्या खोलीत बोलावेल आणि मायलेकी मागच्या दाराने निघतील. तोवर मिठाची गुळणी धरायची.

“जमेल?”

“तोंड बंद ठेवायचं तर मला चांगलं जमतं,” काजवाली म्हणाली. आणि हसली म्हणे.

ती बाहेर आली. बाकावर नवऱ्याशेजारी बसली. ताई आत कामाला लागली.

ताई कामाला फार चोख. पेशंटचे जुने फोटो कपाटातून शोधून, तारखेप्रमाणे लावून, नव्याबरोबर ठेवायची. डॉक्टरांना तुलना करता यावी म्हणून. आणि काही वेगळं दिसलं की डॉक्टरांसाठी दोन ओळींची चिठ्ठी जोडायची. डॉक्टर तिच्या चिठ्ठ्या वाचायचे. तिला त्याचा अभिमान होता. त्या दिवशीही तिने तीन फोटो एकावर एक ठेवले आणि चिठ्ठी लिहिली : ‘मागील दोन इजा सोबत जोडल्या आहेत. आताची इजा पडल्याने झालेली वाटत नाही. पेशंटशी एकटीशी बोलावे.’

गठ्ठा खिडकीत सरकवला. खिडकीवाल्याने पाकिटात घातला. हाक मारली. नवऱ्याचा हात पुढे आला.

एक कागद घरी सापडेल म्हणून बायकांकडून नंबर पाठ करून घेणारी ताई. त्या चिठ्ठीला तिने कधी कागद समजलंच नव्हतं. ते तिचं काम होतं. सतरा वर्षं चिठ्ठ्या पाकिटात जात होत्या आणि पाकिटं नातेवाइकांच्या हातून डॉक्टरांकडे जात होती. कुणी उघडून वाचत नसेल असं नाही. पण वाचून काय होईल, असा विचार करायची वेळ आली नव्हती.

नवऱ्याने पाकीट उघडलं. सगळेच उघडतात. फोटो बाहेर काढून उजेडाकडे धरतात, जसं काही त्यांना कळणारच आहे. त्याने फोटो पाहिला. चिठ्ठी वाचली. सावकाश वाचली. चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवली. मग बायकोला म्हणाला, “चल.” दंडाला धरून उठवलं. मोडक्या नाही, चांगल्या हाताच्या. जाताना खिडकीकडे बघून हसला. खिडकीवालाही हसला.

तासाभराने चहाच्या वेळी तो ताईला म्हणाला, “तुमच्या चिठ्ठ्या आता नवरेसुद्धा वाचायला लागले. डॉक्टरांच्या आधी.”

“कोण नवरा?”

“तोच, काजवालीचा. वाचली आणि खिशात टाकली. मला वाटलं डॉक्टरांना देईल.”

हातातला कप ताईने ठेवला नाही, सोडला. ती पळत सुटली. पन्नाशीची बाई, अंगात शिशाचा जड अॅप्रन, तशीच बोळातून पळाली. खिडकीवाला मागे. डॉक्टर म्हणाले, फोटो पाहिला, साधं फ्रॅक्चर, चिठ्ठी कुठली? प्लास्टरच्या खोलीत जमीन ओली होती. बादलीत पांढरं पाणी. “आत्ताच गेले,” प्लास्टर करणारा म्हणाला. “ओलं आहे, जरा थांबा म्हटलं. नाही थांबले.”

फाटकाबाहेर दोघं उभे राहिले. रस्त्यावर दुपारची गर्दी. कुणाच्याच हाताला प्लास्टर नव्हतं.

“मी आधीच सांगायला हवं होतं,” खिडकीवाला म्हणाला.

“तू काय सांगणार? लिहिलं मी.”

ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दोन आठवडे तिने जेवढी दारं वाजवता येतील तेवढी वाजवली. चौकीवर गेली. तिथला माणूस सभ्य होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. “तक्रार कुणाची?” “माझी.” “तुम्हाला मारलं?” “नाही.” “मग तिला पाठवा.” “ती येऊ शकत नाही, म्हणून तर मी आले!” “ताई, नवरा-बायकोचं आहे. आज आपण जायचं आणि उद्या तीच म्हणायची, तुम्हाला कुणी बोलावलं.” दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. खुर्ची पुन्हा मिळाली.

संस्थेतल्या बाई म्हणाल्या, आता अचानक घरी गेलो तर तो आणखी चवताळेल. ठरलेल्या दिवशी येईल अशी आशा धरू. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. कुणाचंच काही चुकत नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

ताईने मोठ्या साहेबांकडे अर्ज केला. डॉक्टरांसाठीची चिठ्ठी नातेवाइकांच्या हाती देऊ नये, शिपायाबरोबर पाठवावी. साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“आपण फोटो काढतो, ताई. संसार जोडत नाही.”

“मी कुठे जोडायला निघाले? मोडलेलं सांगतेय.”

“शिपाई दोनच आहेत,” साहेब म्हणाले. अर्जावर लिहिलं : विचाराधीन.

एके दिवशी डबा खाताना खिडकीवाला म्हणाला, “चांगला माणूस वाटला होता हो मला. रागाच्या भरात होत असेल.”

ताईने डबा बाजूला सारला.

“डॉक्टरांनी दोन तास ताटकळत ठेवलं. उगारला हात? कारखान्याचा मालक बायकोचा पगार अडवतो. त्याच्यावर उगारला? तू मागच्या वेळी पाकीट चुकीचं दिलंस, तुझ्यावर उगारला? हसला तो. सगळ्या जगात राग आवरता येतो त्याला. घरीच येत नाही. का?”

“का?”

“कारण तिथे कुणी विचारत नाही. मी बायकांना विचारते. बाकावरच्याला कोण विचारतं? तू समोर बसतोस ना? मॅच कोण जिंकलं ते विचारतोस, तसं हेही विचार कधीतरी.”

“मी काय विचारणार?”

“तेच. पुरुष पुरुषाला काय विचारणार!”

त्याने एकदा प्रयत्न केला. बाकावर एक माणूस होता, बायको आत. हा खिडकीतून म्हणाला, “काय झालं वहिनींना?” “पडली.” “कशी?” माणसाने वर बघितलं. खिडकीवाल्याने वहीत डोकं घातलं. “जपा,” तो म्हणाला. कुणी कुणाला जपायचं हे काही त्यातून कळलं नाही. ताईला त्याने हे सांगितलं नाही.

मंगळवार आला. संस्थेतल्या बाई सकाळी नऊला बाकावर येऊन बसल्या. मांडीवर पिशवी, हातात रिकामं पाकीट, नातेवाइकासारख्या. ताई दर दहा मिनिटांनी दार उघडून बघायची. खिडकीवाल्याने वहीत काजवालीचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. दहा वाजले. बारा वाजले. एक म्हातारा संस्थेतल्या बाईंना विचारून गेला, तुमचं कोण आहे आत? दोन वाजता बाई उठल्या.

“एवढ्यात उठू नका,” ताई म्हणाली.

“ताई, फोटोची वेळ एकपर्यंत असते ना?”

“आज नाही. आज मी पाचपर्यंत काढणार आहे.”

पाचपर्यंत मशीन चालू राहिलं. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ताई आणि खिडकीवाला वहीतल्या पत्त्यावर गेले. तीन मजली इमारत, वर एक खोली. कुलूप नव्हतं. खोली रिकामी होती. भिंतीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा. खालच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालत होत्या.

“गेले ते. दहा दिवस झाले. कुठे ते नाही सांगितलं. टेम्पो आणला आणि गेले.”

“तिच्या हाताला प्लास्टर होतं?”

“होतं. एका हाताने बांधाबांध करत होती बिचारी.”

“वरून आवाज यायचे का कधी?”

बाईंनी एक चादर पिळली. “कुणाच्या घरी भांडण होत नाही? मी आपली टीव्ही मोठा करायचे. मुलं ऐकतात ना.”

दोघं जिना उतरले. खाली आल्यावर ताई म्हणाली, “प्लास्टर.”

“काय?”

“सहा आठवड्यांनी काढावं लागतं. घरी कापता येत नाही, करवत लागते. कुठेतरी न्यावंच लागेल तिला. आपल्याकडे आणणार नाही. पण कुठेतरी नेईल.”

त्या दिवसापासून तिने यादी केली. शहरात आणि आसपास जिथे जिथे प्लास्टर कापतात ते सगळे दवाखाने. सुट्टीच्या दिवशी, सकाळी कामाला येण्याआधी, ती एकेक ठिकाणी जायची. फोनवर कुणी काही सांगत नाही, समोर उभं राहिलं की निदान विचार तरी करतात, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा एका शाळेत प्रयोगशाळेत कामाला. अबोल माणूस. तो स्कूटरवर सोडायचा आणि बाहेर थांबायचा. “ही आत गेली की मी बाकावर,” तो एकदा खिडकीवाल्याला म्हणाला. “लोक मला पेशंट समजतात.”

सगळीकडे एकच प्रश्न. डाव्या हाताचं प्लास्टर, बारीक अंगाची बाई, तर्जनी जराशी वाकडी. त्या बोटाचा फोटो तिनेच काढला होता. एका ठिकाणचा माणूस म्हणाला, “बाई, दिवसाला दहा कापतो. तोंडं कोण बघतो?” ताई म्हणाली, “तोंड नका आठवू. बोट आठवा.” त्याने खरंच डोळे मिटून आठवून पाहिलं. नाही.

सहा आठवडे झाले. सात झाले. खिडकीवाला एकदा म्हणाला, “ताई, आता पुरे. त्याने काढून आणलं असेल कुठूनतरी. किंवा...”

“किंवा काय?”

त्याने समोरची पाकिटं सारखी केली.

“तू तुझी पाकिटं बघ,” ताई म्हणाली. एवढं लागेल असं ती त्याला एकदाच बोलली.

पाकिटांचा नियम त्याने तोवर स्वतःच बदलला होता. डॉक्टरांसाठीची चिठ्ठी तो बाजूला काढून ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः नेऊन द्यायचा. अर्ज अजून विचाराधीनच होता.

आठव्या आठवड्यातल्या सोमवारी ताई कामाला आली नाही. सकाळी दात घासताना खाली बसली आणि उठली नाही. हृदय. नवऱ्याने तिला आपल्याच दवाखान्यात आणलं. छातीचा फोटो काढायची वेळच आली नाही.

बुधवारी आवारात शोकसभा झाली. सगळे उन्हात उभे. मोठे साहेब बोलले. म्हणाले, सतरा वर्षांची निष्कलंक सेवा. म्हणाले, कामाशी काम ठेवणारी बाई. कधी कुणाच्या भानगडीत पडली नाही.

खिडकीवाल्याला वाटलं, ओरडावं. तो ओरडला नाही. दोन मिनिटं शांतता पाळायची होती, त्याने पाळली.

आठवड्याने ताईचा नवरा खिडकीशी आला. दवाखान्याच्या वस्तू परत करायच्या होत्या. कपाटाची किल्ली, ओळखपत्र, किरणं मोजायचा बिल्ला. खिडकीवाल्याने एकेक वस्तू वहीत लिहून घेतली. शेवटी त्या माणसाने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

“हे तिच्या पर्समध्ये होतं. दवाखान्याचं आहे की घरचं, मला कळेना.”

जुन्या फॉर्मची कोरी बाजू होती. ताईचं बारीक, सरळ अक्षर. सतरा नावं. पहिल्या अकरांपुढे खूण केलेली आणि पुढे तारीख, आणि ‘नाही’. बारावं नाव नदीपलीकडच्या एका दवाखान्याचं. त्याच्यापुढे खूण नव्हती. लिहिलं होतं : ‘प्लास्टर कापणारा फक्त मंगळवार, शुक्रवार. दहाच्या आत जाणे. मुलगी बरोबर होती का ते विचारणे.’

त्याखालची पाच नावं नुसतीच लिहिलेली होती.